ठाऊक नाही म्हणणाऱ्यांचं मंडळ

“वैनी, वकीलसायबास्नी सांगा, ह्यो ‘ठाऊक न्हाई’चा शबुद घरात आणू नका. बाप्यांचं काय, बैठक मोडली की इसरत्यात. बायकांच्या तोंडात बसतो त्यो.”

बजाबाई सुईण हे म्हणाली, तेव्हा ती वच्छलेच्या तान्ह्याच्या टाळूवर तेल जिरवत होती. वच्छला हसली. “अगं, ते निवडणुकीचं राजकारण आहे. तुला नाही कळायचं.”

वास्तविक तो शब्द घरात आणला होता वच्छलेनंच.

तिचे पती अण्णाराव वकील यांना म्युनिसिपालिटीत निवडून यायचं होतं. मंदीमुळे गिरण्यांनी माणसं कमी केली होती, सोलापुरात जो तो चिडलेला होता, आणि राग काढायला तेलंगणातून आलेले विणकर समोरच होते. ते निम्म्या मजुरीत राबतात, आपल्या पोरांच्या तोंडचा घास काढतात, असं अण्णारावांच्या ओसरीवर रोज बोललं जाई. पुण्याच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या वच्छलेनं एकदा चहा देता देता तिथंच एक गोष्ट सांगितली.

“अमेरिकेतसुद्धा असंच झालं होतं. आयर्लंडात दुष्काळ पडला, लोक बोटी भरभरून न्यूयॉर्कला उतरले. त्यांचा पंथ निराळा, राहणी निराळी. तिथल्या लोकांनी मग गुप्त मंडळ काढलं. बाहेरून आलेल्याला मत द्यायचं नाही, अधिकाराची जागा द्यायची नाही, अशी शपथ. आणि मंडळाबद्दल कुणी विचारलंच, तर एकच उत्तर, मला ठाऊक नाही. लोक त्यांना ‘ठाऊक नाहीवाले’च म्हणू लागले. पुढे त्यांचा उघड पक्ष झाला, गावंच्या गावं त्यांनी जिंकली.”

तिनं खांदे उडवून ते उत्तर असं काही म्हणून दाखवलं की ओसरी हसून लोळली. त्या मंडळवाल्यांचे आजे-पणजेही बोटीतूनच आले होते, हे तिनं गाळलं. सांगितलं असतं तर रंग गेला असता. शिवाय अण्णारावांचे वडील माळशिरसहून पोटासाठी सोलापुरात आले होते.

महिन्याभरात ‘मूळ रहिवासी मंडळ’ निघालं. समोरचा पानवाला कोंडीबा चिटणीस झाला. विणकरांना खोली द्यायची नाही, काम द्यायचं नाही, असं ठरलं. मंडळाविषयी विचारलं तर ‘ठाऊक नाही’. मग विणकरांनी काहीही विचारलं तरी तेच. नळाला पाणी किती वाजता येतं? ठाऊक नाही. दवाखाना कुठं? ठाऊक नाही. पेठेतल्या पोरांनी त्याचा खेळ केला.

त्या दिवशी तेल जिरवून झाल्यावर बजाबाई न्हाणीत पाय लांब करून बसली होती. बाळ तिच्या नडग्यांवर पालथं, कढत पाण्याखाली टाहो फोडत होतं. दाराशी मल्लेशम विणकर येऊन उभा राहिला. मागच्या गल्लीत राहणारा, हडकुळा माणूस. अंगात सदराही नव्हता.

“अक्का, बजाबाई कुठं? घरी नाय ती. माझी रत्नम्मा… लई दुकतंय. पाय आला बाहेर, पोराचा.”

वच्छलेनं समोर पाहिलं. कोंडीबा चुना लावायचा थांबून इकडेच बघत होता. पण खरं सांगायचं तर तिला त्याची भीती वाटली नाही. तिला वाटलं, बाळ अर्ध्या अंघोळीत आहे. बजाबाई आता उठली तर त्याला गारठा बसेल. त्या गल्लीत देवीची साथ आहे म्हणतात, तिथून येऊन उद्या ती याच हातांनी बाळाला उचलेल. एवढं सगळं मनात आलं, आणि तोंडातून सवयीनं निघालं,

“मला ठाऊक नाही.”

मल्लेशमनं हात जोडले आणि तो पळत सुटला.

बजाबाईनं बाळाला धुरी दिली, दुपट्यात गुंडाळलं, चहा घेतला. वच्छलेनं आग्रहानं दुसरा कप दिला. सांगायचं तिच्या ओठांवर दोनदा आलं. तेवढ्यात बजाबाईच म्हणाली, “लेकरू लई गुणी हाय बगा,” आणि ते राहून गेलं.

दिवस मावळता बजाबाई परत आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“रत्नम्माचं पोर गेलं. पायाळू व्हतं. मी पोचले तवा शेजारच्या बाया वढत व्हत्या. तिचं बी काय खरं न्हाय.” मग हळू आवाजात, “मल्लेशम हितं आलता म्हनं.”

“आला होता.”

“मग मी कुटं व्हते, वैनी?”

वच्छलेनं न्हाणीच्या दाराकडे पाहिलं. “इथंच. न्हाणीत,” ती म्हणाली. बजाबाईनं मान हलवली आणि गेली.

रात्री ओसरीवर बैठक भरली. अण्णाराव हौसेनं म्हणाले, “अगं, त्या पक्षाचं पुढं काय झालं ते सांग की मंडळींना.”

वच्छला बाळाला घेऊन दारात आली. “लुईव्हिल नावाच्या शहरात मतदानाच्या दिवशी त्यांच्या जमावानं परक्यांची घरं पेटवली. वीस-बावीस माणसं मेली. थोड्याच वर्षांत पक्षही मोडला. आणि आज रत्नम्माचं मूल मेलं. सुईण माझ्या घरात होती. मी ‘ठाऊक नाही’ म्हणून सांगितलं.”

मग कोंडीबा म्हणाला, “मी बघत हुतो की. वैनी, तुमी तर आमच्यापरीस पक्क्या निघाला. मंडळाचं काम केलंत.”

दोघे-तिघे हसले. अण्णाराव हसले नाहीत, पण त्यांनी कोंडीबाला गप्पही केलं नाही. वच्छलेनं त्यांच्याकडे पाहिलं. “उद्यापासून या ओसरीवर मंडळ बसणार असेल,” ती म्हणाली, “तर मी दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगेन. मतं मागायला आलेल्यालासुद्धा.” मग तिनं आत जाऊन बाळ सासूच्या मांडीवर दिलं आणि कंदील घेऊन मागच्या गल्लीत गेली.

मल्लेशमनं दार उघडलं. तो बाजूला सरला. रत्नम्मा भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंग तापलं होतं, चोळी दुधानं भिजली होती. वच्छलेनं ओली घडी तिच्या कपाळावर ठेवली. रत्नम्मानं ती काढून टाकली. वच्छलेनं पुन्हा ठेवली. उजाडेपर्यंत ती तिथंच बसून होती. रत्नम्मानं एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

वाचणाऱ्या बहिणींनो, तुमच्याही पेठेमागं विणकरांची गल्ली असेल. तिथला एखादा माग कालपासून वाजला नसेल. हातातलं काम ठेवा आणि आत कोण आहे ते बघून या.