फाटकाचा चहा

शकुनबाईचं हॉटेल म्हणजे चार बल्ल्यांवरचं टिनाचं छप्पर, आणि ते चालायचं तुमसरच्या रेल्वेफाटकाच्या जिवावर. फाटक पडलं की बैलबंड्या थांबत, ट्रक थांबत, आणि थांबलेल्या माणसाला चहा आठवतोच. म्हणून अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एक इंजिनिअर तिच्याच बाकावर बसून अडकलेल्या गाड्या मोजू लागला, तेव्हा तिनं चहा गाळता गाळता विचारलंच.

"कायले मोजून राहिले जी?"

"रेल्वे वर उचलायचा विचार आहे, बाई. खांबांवरून नेऊ. खालून रस्ता मोकळा, फाटकच नको."

रेल्वे म्हणे उचलायची! सूप आहे का ती? माणूस गोड बोलत होता, कपबशी स्वतः विसळून ठेवत होता. नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं. पण 'फाटकच नको' एवढं तिला बरोबर समजलं. मग चहा कोण पिणार, कावळे?

गेटमन टेकचंदनं तिला सांगितलं, "गाड्या लय अडकल्या, तरच हे काम होते म्हन्ते ते."

बस्स! शकुनबाईनं ओळखीचा एकेक बंडीवाला गाठला. "साहेब हाये तोवर रुळाखालच्या नाल्यातून जा. मंग चहा फुकट पाजतो." नाला कोरडाच होता आणि फुकटचा चहा कुणाला नको? इंजिनिअर एखाद-दुसऱ्या ट्रकखेरीज रिकाम्या रस्त्याकडे पाहत जांभया देऊ लागला.

"फाटक फार वेळ बंद नसतं वाटतं?"

"पापणी लवते, अन् उघडते," शकुनबाई म्हणाली.

तो गेला आणि काम बारगळलं. शकुनबाईनं कबूल केलेला चहा पाजला, वर भजीही तळली.

भादव्यात तिची लेक बेबी बाळंतपणाला आली. पोर आडवं आलं, सुईणीनं हात टेकले. दवाखाना रुळांपलीकडे. बंडी फाटकाशी पोचते न पोचते तोच फाटक पडलं. मालगाडी आली आणि रुळांवरच उभी राहिली. नाल्याला पूर होता.

"टेकचंद, काही कर ना रे बाप्पा!"

"मी काय करू, बाई? पुढचा सिग्नलच नाही भेटला तिले."

शकुनबाईला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. बेबीनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"माय, कधी उघडते वं फाटक?"

"पापणी लवते, अन् उघडते," शकुनबाई म्हणाली.

इंजिनिअरनं ठेवला होता तसाच बेबीनंही त्यावर विश्वास ठेवला.