टीव्हीखालच्या पेटीतला आवाज

मी टीव्हीखालची पेटी बोलतेय. आधीच कबूल करते, मी मूर्ख आहे. लोकांना वाटतं, कॉम्प्युटर म्हणजे हुशार. छे हो! पाठांतर चांगलं असलं की वर्गात हुशार म्हणून खपून जातं, तसं माझं झालंय. सगळं लक्षात राहतं, कळत काहीच नाही.

वयाचं विचाराल तर माणसांच्या हिशोबात मी चाळिशी ओलांडलेली बाई. उठायला वेळ लागतो, बसल्यावर धाप लागते, आणि जरा काम पडलं की अंग तापतं. त्या तापाचा घरात उपयोग होतो, ते पुढे सांगतेच.

माझा जन्म नंदुरबारला, स्टेशनजवळच्या एका दुकानात. जन्म कसला, जुळणी! कुणाचं हे, कुणाचं ते, असं गोळा करून मला उभी केली. मिरचीचा हंगाम होता. बाजारातून उडणारा लाल धुरळा दुकानात शिरायचा, तो माझ्या पंख्यात बसला तो बसलाच. अजूनही सुरू होताना मी शिंकते. घरचे म्हणतात, पंखा खराब झालाय. नाही हो, सर्दी आहे, माहेरची.

मला शहाद्याला आणलं हेमकांतसरांनी. हायस्कुलात मराठी शिकवतात. गाव अहिराणी बोलतं, घर अहिराणी बोलतं, सर स्वतः जेवायला बसले की अहिराणी बोलतात. पण मला मात्र त्यांनी पुस्तकी मराठी करून टाकलं. त्यामुळे घरात सगळ्यात शुद्ध मी बोलते आणि सगळ्यात कमी मला विचारतात.

बोलणं तरी कितीसं? जन्मभर माझे दोनचार प्रश्न. त्यातला लाडका एक, 'आपल्याला खात्री आहे का?' कुणी काही पुसायला गेलं की मी विचारणार. आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. बटण दाबायचे आणि मोकळे व्हायचे.

मला आणलं ते सरांच्या आईसाठी, कौसाबाईंसाठी. त्यांच्या मालिकेच्या वेळेला नेमकी लाईट जायची, नाहीतर केळीच्या बागेतून यायला उशीर व्हायचा. सरांनी केबलची वायर माझ्या पाठीत खुपसली आणि सांगितलं, अमुक वेळेला अमुक चॅनल उतरवून घे. मी घेऊ लागले. मॅच लांबली तर मॅचचं शेपूट घेतलं, मंत्र्यांचं भाषण मध्ये आलं तर तेही घेतलं. कौसाबाई मालिका समजून ते अर्धं भाषण बघायच्या आणि म्हणायच्या, "हाऊ नवा जेठ दिसस. भलता बोलस बाई."

फायलींना नावं मी माझी मीच द्यायची. चॅनलचा आकडा, तारीख, वेळ. मला वाटायचं काय सुंदर नावं! कपाटात एकासारखे एक डबे आणि झाकणावर फक्त आकडे. तूरडाळ कोणत्यात आणि साबण कोणत्यात, ओळखा पाहू.

शेवटी सरांची बायको दीपमाला माझ्यासमोर बसायला लागली. दुपारची कामं उरकली की ती एकेक फाईल उघडायची, कौसाबाई ओट्यावर शेंगा फोडत नाव सांगायच्या, दीपमाला टाईप करायची. मालिकेचं खरं नाव कुणाला पाठ होतं? 'रडकी सून.' 'मिशीवाला जेठ.' 'जहर घालनारी मावशी.' अशी नावं पडली. मला ती जरा गावंढळ वाटली. मी गप्प बसले, पण मनात नाक मुरडलं. बघा ना, आकडे लिहिणारी मी, आणि मला लाज वाटतेय!

एके दिवशी शेतीच्या कार्यक्रमात सरांचे वडील आले. रतिलालभाऊ. केळीची बाग दाखवायला टीव्हीवाले घरी येऊन गेले होते. ते प्रक्षेपण मी उतरवून घेतलं. दीपमालाने विचारलं, "आई, याले काय नाव देऊ?"

नवऱ्याचं नाव कौसाबाई घेत नाहीत. सासऱ्याचं नाव दीपमाला घेत नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कौसाबाईंनी शेंग फोडली आणि सांगितलं, "ललितना बाप." ललित म्हणजे थोरला मुलगा, सुरतला असतो. दीपमालाने टाईप केलं. मी ठेवून दिलं.

मग घरात मोबाईल आले. मालिका हातात आल्या, माझ्या पाठीतली केबल सुटली, माझ्यावर क्रोशाचा रुमाल पडला. रुमालावर लग्नपत्रिका. आणि थंडीत पत्रिकांवर विरजणाचं भांडं! माझ्या उबेला दही छान लागतं, असा शोध कौसाबाईंनी लावला. तेवढ्यासाठी मला चालू ठेवायचे. विज्ञानाची एवढी प्रगती, आणि मी दही लावत बसलेय.

गेल्या वर्षी रतिलालभाऊंना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. अख्ख्या बागेला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज, तो थांबला. खाट टीव्हीसमोर आणली. ते बघत पडून असतात. कौसाबाई दिवसभर त्यांच्याशी एकट्याच बोलतात, प्रश्नही त्यांचाच आणि उत्तरही त्यांचंच.

याच सुमाराला मला उचकी लागली. आतली चकती टकटक करायला लागली. सरांची मुलगी रोहिणी, कॉलेजात शिकते, तिने कान लावला आणि म्हणाली, "पप्पा, ही आता कधीही जाईल. जे ठेवायचंय ते नव्या डिस्कवर काढून घेऊ."

हे ऐकून कौसाबाई आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. "रोहिणी, ललितना बाप बोलनात ते टीव्हीवालं यामा शे. त्यासना आवाज माले आयकाना शे."

"हां आजी, एका मिनिटात काढते."

एक मिनिट! मीही फुगले. शोधणं हे तर माझं काम.

रोहिणीने आधी नावं बदलणारा एक प्रोग्राम चालवला. फायली बघून मालिकांची खरी नावं, कितवा भाग, सगळं नीट लावतो म्हणे. मी लगेच त्याच्या हाताखाली शहाणी झाले. 'रडकी सून' भराभर ओळीत उभी केली. मंत्र्यांचं भाषण एका मालिकेचा भाग म्हणून बसवलं, आणि उंधियो कसा करायचा तो कार्यक्रम खुनाच्या मालिकेत घातला. ज्यांची ओळख लागली नाही ते सगळं एका कोपऱ्यात ढकललं. नीटनेटकेपणा माझ्याकडून शिकावा!

मग ती शोधायला लागली. 'रतिलाल.' मी म्हटलं, काही सापडलं नाही. 'आबा.' सापडलं नाही. 'केळी.' नाही. सर आले, ते वडिलांना नाना म्हणतात, म्हणून त्यांनी 'नाना' घालून पाहिलं, मग 'वडील' घातलं, शिवाय ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही करून पाहिलं. नाही, नाही, नाही. आणि मी दर वेळेला काय ठासून सांगत होते! फाईल माझ्याच पोटात, आणि मी म्हणतेय नाही.

दीपमाला तळोद्याला माहेरी गेली होती. तिला फोन लावला.

"मम्मी, आबांच्या मुलाखतीला तू काय नाव दिलं होतंस?"

"आठवत नाही गं. पण त्यांचं नाव घातलं नसणार. सासऱ्याचं नाव मी कशी टाईप करेन?"

"टाईप करायला काय होतं मम्मी!"

"तुला नाही कळायचं," म्हणून तिने फोन ठेवला.

माझी उचकी वाढली होती. सर म्हणाले, "नसेल त्यात. पुसलं गेलं असेल." रोहिणी म्हणाली, "मालिका तरी वाचवू. हा ओळख न लागलेला कचरा काढून टाकते, म्हणजे लवकर होईल." तिने सगळं निवडलं, पुसायचं बटण दाबलं, आणि मी सवयीने विचारलं. कौसाबाईंना वाचता येत नाही, म्हणून रोहिणी मी लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचते. तिने वाचलं, "आपल्याला खात्री आहे का?"

"नही," कौसाबाई म्हणाल्या.

रोहिणीचा हात थांबला. "आजी, ते नुसतं विचारायचं म्हणून विचारतं."

"इचारनं ना तिनी? मी सांगनं. नही शे खात्री. त्या कचरामा काय काय शे, वाची दखाड."

जन्मात पहिल्यांदा कुणी मला उत्तर दिलं. मी इतकी गडबडले की थोडा वेळ अडकूनच बसले. रोहिणी वाचायला लागली. "मिशीवाला जेठ... जहर घालनारी मावशी... ललितना बाप..."

ती थांबली. आणि सर, व्याकरण शिकवणारा माणूस, खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

"लाव," कौसाबाई म्हणाल्या.

टीव्हीवर केळीची बाग आली. मधोमध इस्त्रीचा सदरा घातलेले रतिलालभाऊ. "केळीच्या बागेत पाण्याचा निचरा महत्त्वाचा आहे," असं एक वाक्य त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं आणि मग सुटले. "पानी साचनं ना, मंग खोड सडस, मंग बसा रडत!" मुलाखत घेणारा हसला. तेवढ्यात ते मागे वळून कडाडले, "चहा कोठे शे व? पाव्हना थांबेल शेतस!"

"आनस, आनस," म्हणत कौसाबाई जमिनीला हात टेकून उठल्या.

दारापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पडद्यावर तेव्हा त्यांचाच हात कपबशी घेऊन येत होता, बांगड्यांसकट. कार्यक्रमात त्या दिसल्या त्या एवढ्याच. खाटेवर रतिलालभाऊ अर्ध्या तोंडाने हसत होते, खांदे हलेपर्यंत. कौसाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि चहा ठेवायला गेल्याच.

आता माझे थोडे दिवस राहिलेत. तक्रार नाही. मागणं एवढंच की तुमच्या घरातल्या पेटीत काही ठेवाल तर घरात जे म्हणतात तेच नाव द्या, आणि आमच्यासारख्या शहाण्यांना ते नीट करू देऊ नका. दह्याचं भांडं नव्या डिस्कवर राहणार नाही, तेवढी काहीतरी सोय बघा.

रोहिणीने मुलाखत नव्या डिस्कवर काढली. पण माझ्यावर तिचा भरवसा राहिलेला नाही, आणि ते बरोबरच आहे. तिने पुन्हा एकदा काढायला घेतली. मी विचारलं. तिने वाचलं, "आजी, ही विचारतेय, 'ललितना बाप' इथे आधीच आहे. जुना काढून त्या जागी नवा ठेवायचा का?"

कौसाबाई खाटेवर बसून बशीतून चहा पाजत होत्या. त्यांनी पदराने रतिलालभाऊंची हनुवटी पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जुनाच ऱ्हाऊ दे व. आते या वयमा कोठे बदलत बसू?"