सहा पायांची बकरी

"सर, तुम्ही शेवटी. वेळ उरला तर," असं म्हणून मोठ्या बाई शेताच्या फाटकातून आत शिरल्या.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. 'सगळे विषय एका शेतात' ही कल्पना मात्र विज्ञानाच्या बाईंची. त्यांनी गणिताला वाफे दिले होते, भूगोलाला विहीर, इतिहासाला गोठ्याबाहेर पडलेला मोडका नांगर आणि भाषेला झाडाची सावली. चित्रकलेला उरलेला वेळ. चित्रकलेच्या सरांना यात नवीन काही नव्हतं. परीक्षा जवळ आली की त्यांचा तास कुणीही मागून न्यायचं, शेजारणीने वाटीभर साखर न्यावी तसा. साखर निदान कधीतरी परत येते.

या वेळी मात्र प्रश्न एका तासाचा नव्हता. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात चित्रकलेचा रकाना ठेवायचा की नाही, हे मोठ्या बाई इथेच बघून ठरवणार होत्या.

सर बांधावर बसून विज्ञानाच्या बाईंकडे बघत राहिले. बाई तरुण, हसतमुख, सगळ्यांशी गोड. त्यांचा राग करायला एकही सबळ कारण सापडत नव्हतं आणि सरांचा मुख्य राग त्याचाच होता. बाईंची पिशवी सांभाळत सगळ्यांत पुढे उभी होती ती सरांची स्वतःची मुलगी. शाळेत बापाला 'सर' म्हणायचं हा घरचा नियम. घरी ती 'बाबा' म्हणायची, पण त्यापुढचं वाक्य हल्ली 'आमच्या बाई म्हणतात' असंच सुरू व्हायचं. काल जेवताना तिने आईबापांना अन्नसाखळी समजावून सांगितली होती, दोघांची ताटं थंड होईपर्यंत.

"किती छान शिकवतात हो," बायको म्हणाली होती. "तुम्हीही असं काहीतरी करा ना."

त्या अन्नसाखळीचा तक्ता आता कुंपणाला टांगलेला होता. रविवार मोडून तो रंगवला होता सरांनी. खाली नाव होतं बाईंचं.

गोठ्यातली बकरी दावं सोडवून तक्त्याकडे निघाली, ती फक्त सरांना दिसली. ओरडायला भरपूर वेळ होता. सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"बाई! खाल्ला! तक्ता खाल्ला!"

बकरीने गवतापासून सुरुवात करून ससा संपवला होता आणि आता ती कोल्ह्यावर आली होती. बाईंनी टाळी वाजवली. "बघा रे! मी तक्त्यात शिकवत होते, ते समोरच चाललंय. कागद कशापासून होतो?"

"झाडापासून!"

"मग हिने काय खाल्लं?"

"झाड!"

पोरांनी टाळ्या पिटल्या, मोठ्या बाईंनीही पिटल्या. सरांनी चष्मा घातला. रविवार गेला त्यांचा आणि टाळ्या मिळाल्या बाईंना.

तक्ताच संपल्यामुळे वेळ मात्र उरला. "सर, घ्या तुमचं," मोठ्या बाई घड्याळ बघत म्हणाल्या.

"हिलाच काढा," सर म्हणाले. "आधी नुसतं बघा. दिसेल तेच काढायचं. माहीत असेल ते नाही."

बकरी एका जागी उभी राहीना. पोरं वैतागली, हसली, तिला शिव्या देऊन झाल्या. सर फिरत फिरत मुलीपाशी आले. तिच्या बकरीला पुढे दोन पाय होते, मागे दोन, आणि मध्ये आणखी दोन, पेन्सिल दाबून दाबून काढलेले.

"हे काय गं?"

"ती हलली ना, सर. आधी पाय इथे होते, मग तिथे गेले. तुम्हीच म्हणालात, दिसेल ते काढा."

इतक्या वर्षांत सरांचं वाक्य कुणी एवढं मनावर घेतलं नव्हतं. "पुसू नकोस हं," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात बाई वाकल्या. "अगं, कसली धावतेय ही! पण बाळा, बकरीला पाय किती?"

मुलीने बाबांकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"चार," ती म्हणाली आणि तिने खोडरबर काढलं.

"आता कसं!" बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

परतीच्या बसमध्ये मोठ्या बाई खुशीत होत्या. "सर, तुमच्या डोक्याचा ताप गेला बघा. चित्रकला आता प्रत्येक विषयातच येणार. मग वेगळा तास कशाला? तुम्हाला वाचनालय देऊ."

"बरोबर आहे," सर म्हणाले. पुढच्या बाकावर त्यांची मुलगी बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर फलकावर चित्रं लावायला अर्थातच सरांना बोलावलं. टाचण्यांची डबी धरून मुलगी शेजारी उभी होती. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं.

"बाबा, माझं मध्ये लावा ना. बाईंचं लक्ष जाईल."

सरांनी तिचं चित्र खिडकीलगतच्या कोपऱ्यात लावलं.

"इथे का?"

"इथे ऊन येतं."

ऊन तिरपं आत येत होतं. पुसलेल्या दोन पायांचे वळ कागदावर स्पष्ट दिसत होते. सरांनी आणखी एक टाचणी मागितली.