मष्णू अण्णाच्या टाकीचं झाकण

मष्णू अण्णाची पिकअप दर खेपेला कर्नाटकातल्या कोगनोळीच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीवर, राजाबाईच्या चहाच्या टपरीसमोर बंद पडायची. त्याचा दोष अण्णानं आजवर चार मिस्त्री, एक पंपवाला, महाराष्ट्राची हवा आणि स्वतःचा मेहुणा एवढ्यांना दिला होता. मेहुणा चार मिस्त्र्यांतलाच एक होता. पण मिस्त्री म्हणून एकदा आणि मेहुणा म्हणून एकदा असं त्याचं नाव दोनदा घेतल्याशिवाय अण्णाला यादी पुरी झाल्यासारखी वाटत नसे.

गाडी दोन हजार चार सालची. नंदगडजवळच्या रानात अण्णाची बायको नागुबाई रताळी पिकवायची, नागुबाई ती काढून घ्यायची, नागुबाई ती तोलायची, कोल्हापूरच्या व्यापाऱ्याशी फोनवर भावही नागुबाईच ठरवायची. अण्णा गाडी चालवायचा. घरात ह्याला 'दोघं मिळून धंदा करतात' असं म्हणत.

घटस्थापना जवळ आली तसा व्यापाऱ्याचा फोन आला. "आक्का, परवा घट बसणार म्हंजे उद्या सकाळी धाला सौदा. मागच्या दोन खेपंला तुमचा माल सौदा संपल्यावर आला. उपासाची रताळी उपास सुटल्यावर काय करू मी? फ्रेम करून लावू?"

नागुबाईनं फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, "ह्या खेपंला गाडी थांबली तर आईतवारी भंगारवाला बोलवणार. नवा टेंपो घेऊ. स्वरूप चालवंल."

स्वरूप म्हणजे नागुबाईचा भाचा, त्याच मेहुण्याचा मुलगा. वय चोवीस. अण्णाच्या लेखी ह्या मुलात तीन दोष होते. तो हॉर्न वाजवत नसे, वळणावर शिवी देत नसे, आणि त्याची गाडी बंद पडत नसे. असल्या माणसाला ड्रायव्हर म्हणायचं म्हणजे इस्त्रीवाल्याला लोहार म्हणण्यासारखं होतं.

पण अण्णा रात्रभर तळमळला. गल्लीतल्या भीमाप्पा ड्रायव्हरचं काय झालं ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. गाडी गेली, दारात प्लास्टिकची खुर्ची आली. आता भीमाप्पा त्या खुर्चीत बसून रस्त्यानं जाणाऱ्या बसगाड्यांचे नंबर मोठ्यानं वाचतो. मध्येच एखादा नंबर चुकला तर परत मागं जाऊन वाचतो.

गाडीचा आजार साधा होता. नंदगड ते निपाणी घोड्यासारखी पळायची. निपाणी सोडली, पंधरा-वीस किलोमीटर झाले, की ओढ कमी व्हायची, मग धाप लागायची, मग दोन आचके आणि थंड. इंजिनला डिझेल पोचत नाही एवढं चारी मिस्त्र्यांना कळलं होतं. एवढं कळायला मिस्त्री लागत नाही, असं अण्णाचं म्हणणं होतं.

निपाणीच्या सूरज मिस्त्रीनं फिल्टर बदलला. "चहा गाळायची अक्कल न्हाय, आणि डिझेल गाळाय बसलाय," अण्णा म्हणाला. संकेश्वरच्या मेहुण्यानं, महादेव मिस्त्रीनं, टाकीतून डिझेल ओढणारा पंप बदलला. त्याला अण्णानं त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "तुझ्या हातात पाना शोभत न्हाय रं, लाटणं घे." बेळगावचा एक मिस्त्री लॅपटॉप घेऊन आला. ह्या गाडीला लॅपटॉप लावायची जागाच नव्हती. मग त्यानं लॅपटॉपवर गाणी लावली आणि नोझल बदलले. खानापूरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावलं, पाच मिनिटं डोळे मिटले, "हिला कुणाची तर आठवण येतीया," म्हणाला, आणि टाकी उतरवून धुऊन दिली.

प्रत्येकानं दुरुस्तीनंतर ट्रायल घेतली. प्रत्येक ट्रायलला गाडी कागलच्या पुढंपर्यंत सुसाट गेली. आणि प्रत्येक वेळी पुढच्याच खेपेला राजाबाईच्या टपरीसमोर बसली. एकाच जागी इतक्यांदा थांबल्यामुळं राजाबाई साडेआठला एक बिनसाखरेचा चहा आपोआप टाकायला लागली होती. टपरीवरच्या दोन रोजच्या गिऱ्हाइकांत तर ह्या गाडीवरून कायमचं वैर आलं होतं. एकाचं म्हणणं, गाडीचा नंबर कर्नाटकचा, तिला हद्द सोडवत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, गाडी मराठी, महाराष्ट्रात पाय ठेवताना तिला भरून येतं. दोघं एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. गाडीचं मत कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी पहाटे पाचला भरलेली गाडी निघाली तेव्हा नागुबाई शेजारच्या सीटवर बसली. "मी बघतो की," अण्णा म्हणाला. "तुमी बघताय म्हणूनच येतोय," ती म्हणाली.

आठला निपाणी आली. हद्दीपलीकडं डिझेल महाग, म्हणून अण्णा दर खेपेला निपाणीतच टाकी भरायचा. भरायचा म्हणजे कसा, ते नागुबाईनं पहिल्यांदाच बघितलं. पंपावरचा माणूस "साकु री अण्णा, बास झालं," म्हणत नळी काढायला लागला तसा अण्णानं त्याचा हात धरला. मग गाडीला खांदा लावून ती गदागदा हलवली. आतलं डिझेल खाली बसलं. पुन्हा ओतायला लावलं. पुन्हा हलवली. डिझेल तोंडाशी येऊन थरथरायला लागलं तेव्हा कुठं अण्णाचं समाधान झालं.

मग झाकणाचा बंदोबस्त. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक होतं, ते अण्णानं पाइपची गळती थांबवायच्या लांबीनं, म्हणजे पुटीनं, पावसाळ्याच्या सुरुवातीलाच बुजवून टाकलं होतं. झाकण फिरवून घट्ट केलं, त्यावर स्कूटरच्या जुन्या ट्यूबची पट्टी तीन वेढे गुंडाळली, वरून तार आवळली.

"ही काय बाळंतिणीच्या डोक्याला बांधल्यागत?" नागुबाईनं विचारलं.

अण्णानं तिच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "डिझेल उडून जातंय गं. वाफ हुती. कर्नाटकात स्वस्तात भरायचं आणि तिकडं जाऊन हवेत सोडायचं, एवढा खुळा न्हाय मी. कंपनीनं झाकणाला भोक ठेवलंय बघ. गाड्या करणाऱ्यांनाच अक्कल न्हाय, मग मिस्त्री काय करणार बिचारे?"

"मिस्त्र्यांनी बघितलं न्हाय हे?"

"बघत्यात, सोडून टाकत्यात, झाकण नुस्तं टेकवून ट्रायलला जात्यात. बेफिकीर जात. परत आल्यावर मी बांधतो."

नागुबाईनं घड्याळ बघितलं.

कोगनोळीचा टोलनाका गेला. अण्णा स्टेअरिंग घट्ट धरून बसला होता, जणू गाडी हातानं ओढून न्यायची आहे. टपरी दिसायला लागली आणि गाडीची ओढ कमी झाली. अण्णानं गियर खाली घेतला. गाडीनं धाप टाकली. "चल गं बया," अण्णा म्हणाला. दोन आचके आले. राजाबाई कप घेऊन बाहेर आली तेव्हा गाडीचं पुढचं चाक बरोबर तिच्या बाकड्यासमोर थांबलं होतं.

"आज दोन मिनटं उशीर," राजाबाई म्हणाली. "आक्का बी आल्यात व्हय? साखर घालू न्हवं?"

अण्णाच्या डोळ्यांपुढं प्लास्टिकची खुर्ची आली. निळी. तिचा एक पाय थोडा वाकडा होता.

तो खाली उतरला आणि आपला उपचार सुरू केला. हा उपचार त्यानंच शोधून काढला होता आणि आजवर तो कधी फसला नव्हता. आधी पुढच्या टायरला लाथ. मग गाडीच्या आईबापांचा उद्धार. मग टाकीचं झाकण उघडून डिझेल कुणी चोरलं नाही ना ते बघायचं, झाकण लावायचं, इंजिनजवळचा हातपंप वीस-पंचवीस वेळा दाबायचा, आणि किल्ली. गाडी चालू व्हायची, कधी कधी तासाभरानं. शिव्यांनी होते, ह्याबद्दल अण्णाला शंका नव्हती. शिव्या न देता गाडी दुरुस्त करायला बघतात म्हणून तर चारी मिस्त्री फसले होते.

आज मात्र झाकणच हलेना. तार सोडली, ट्यूब सोडली, झाकण टाकीला चिकटून बसलेलं. अण्णानं दात-ओठ खाल्ले. "त्या पंपवाल्यानंच कायतर केलंय," तो म्हणाला.

"सरा," नागुबाई म्हणाली. तिनं पदराचं टोक झाकणावर टाकलं, म्हणजे हात घसरू नये, आणि रताळी उपटणाऱ्या मनगटानं एक हिसका दिला. झाकण केसभर फिरलं. फस्स्स.

"बघ!" अण्णा ओरडला. "ऐकलंस? पळतंय बघ डिझेल! एवढं बांधून बी पळतंय! आजून दोन वेढे पायजेत."

नागुबाई झाकणाकडं बघत होती. तिच्या पदराचं टोक झाकणाखालच्या फटीतून आत चाललं होतं. हळूहळू, शेवई तोंडात ओढावी तसं. तिनं ओढून बघितलं. टाकी सोडेना.

"अवो," ती म्हणाली. "बाहेर पळतंय म्हणता, मग माझा पदर आत कशाला ओढतीया?"

अण्णानं पदराकडं बघितलं. टपरीवरचे दोन वैरीही उठून आले आणि शेजारी शेजारी उभं राहून बघायला लागले. फस्स संपलं तसा पदर सुटला. त्याचं चार बोटं टोक डिझेलनं ओलं झालं होतं.

"तेलाच्या डब्याला मी किती भोकं पाडतो?" नागुबाईनं विचारलं.

"काय?"

"पंधरा किलोचा डबा आणला की खिळा घिऊन किती भोकं पाडतो?"

"दोन," अण्णा म्हणाला. आवाज थोडा खाली आला होता.

"एकानं तेल येतंय. दुसरं कशाला?"

अण्णा झाकण उलटं करून बघायला लागला.

"दुसऱ्यानं हवा आत जाती. न्हाय गेली तर तेल गळा धरल्यागत अडकतंय. इंजिन डिझेल ओढतंय, ओढल्याली जागा भरायला हवा आत नको? तुमी भोक बुजवलं, वर फेटा बांधला, टाकी गच्च भरली. आत हवा ऱ्हायला जागाच न्हाय. मग टाकी बी ओढती, इंजिन बी ओढतंय. इंजिन दमतंय, मरतंय. मग तुमी झाकण उघडताय, हवा जाती, गाडी चालू हुती. शिव्या फुकटच्या."

राजाबाई म्हणाली, "माझ्या घरच्या डब्याला बी दोनच भोकं पाडतो बघा मी." दोन वैऱ्यांपैकी एक पहिल्यांदाच दुसऱ्याला म्हणाला, "आमच्या बी." मग आपण बोललो हे लक्षात येऊन दोघं लांब जाऊन बसले.

नागुबाईनं मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, झाकणाच्या भोकातली वाळलेली लांबी टोकरून काढली, तिचा खडा अण्णाच्या तळहातावर ठेवला. वाटाण्याएवढा होता. चार मिस्त्री, दोन सौदे, एक फिल्टर, एक पंप आणि नोझल ह्या वाटाण्यात गेले होते. अण्णा त्याच्याकडं अशा तुच्छतेनं बघत होता की जणू तो वाटाणाच बिनडोक आहे.

हातपंप मारला. गाडी चालू झाली. ट्यूबची पट्टी राजाबाईनं रॉकेलच्या बाटलीचं बूच बांधायला ठेवून घेतली. दहाला दहा मिनिटं असताना रताळी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात उतरली. सौद्यात पहिल्या तीनांत लागली. व्यापाऱ्यानं विचारलं, "अण्णा, आज गाडी कशी काय थांबली न्हाय?" अण्णा म्हणाला, "आजकालच्या मिस्त्र्यांना हवेचं ज्ञानच न्हाय हो."

नागुबाईनं हे ऐकलं. रिकाम्या गाडीत बसल्यावर तिनं किल्ली काढून हातात घेतली.

"गाडी भंगारात जाणार न्हाय," ती म्हणाली. "तुमी बी खुर्चीत बसायचं न्हाय. पण घरी जाताना वाटंत जेवढं मिस्त्री हाईत तेवढ्यांना जाऊन सांगायचं, झाकण मी बांधलतं. न्हायतर स्वरूपला फोन करतो."

अण्णानं हात पुढं केला. किल्ली घेतली.

निपाणीत सूरज मिस्त्री एका ट्रॅक्टरखाली झोपून काम करत होता. अण्णा त्याच्या पायाशी जाऊन उभा राहिला.

"सूरज."

"बोला अण्णा. आता कुठली शिवी ऱ्हायली?"

"तुझा फिल्टर," अण्णा म्हणाला, "वाईट नव्हता."

ट्रॅक्टरखालून पाना पडल्याचा आवाज आला. सूरज सरपटत बाहेर आला, अण्णाला वरून खाली बघितलं, आणि गाडीतल्या नागुबाईला विचारलं, "आक्का, अण्णांची शुगर बघितल्या काय?"

"ऐक की," नागुबाई म्हणाली.

"पण तू झाकण बघाय पायजे हुतंस," अण्णा म्हणाला. "मिस्त्री म्हणवतोस..."

गाडीतून नागुबाईच्या मोबाइलचा बटणांचा आवाज आला. टिंग, टिंग.

"झाकण मी बांधलतं," अण्णा म्हणाला. एका दमात. "भोक बी मीच बुजवलतं."

सूरज हसला नाही. तो परत ट्रॅक्टरखाली गेला. ट्रॅक्टर मात्र बराच वेळ हलत होता.

अण्णा गाडीत येऊन बसला. "झालं एक," नागुबाई म्हणाली. "आता संकेश्वर."

संकेश्वरला मेहुणा होता. त्याचं गॅरेज रस्त्यालाच, ह्या वेळी आठ-दहा गिऱ्हाइकं बाकड्यावर हमखास बसलेली. लाटणं त्यांच्याही लक्षात असणार. अण्णानं गाडी काढली. तवंदीचा घाट आला, चढावर त्यानं मुद्दाम वरच्या गियरात ठेवली. गाडी चढली. अण्णानं टायरच्या आईबापांना काहीच म्हटलं नाही, उलट कान देऊन बसला, एखादा तरी आचका येतोय का म्हणून. गाडी कुठंच थांबेना. संकेश्वर इतक्या लवकर येतं हे अण्णाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.