साखर जास्त झाली

"डोळे मीट," मालक दातांतल्या दातांत म्हणाला. "घोट घेतला की डोळे मिटायचे. लोकांना ते आवडतं."

तिने घोट घेतला, डोळे मिटले. स्टॉलपुढची गर्दी गप्प झाली. मागे उभ्या असलेल्या नणंदेने तिच्या कमरेला एक चिमटा काढला.

"साखर जराशी कमी आहे," ती डोळे उघडून म्हणाली.

टाळ्या पडल्या. मालकाने डावीकडच्या डब्यातून वाटीभर साखर पिंपात ओतली आणि भोंग्यावर ओरडला, "ही आमची चवीची बाई! हिने मान हलवल्याशिवाय आमच्या कारखान्यातून थेंब बाहेर जात नाही!"

ते खरंच होतं. पण आता तिच्या तोंडात सरबत काय आणि नळाचं पाणी काय, एकच.

गेल्या थंडीत बाटल्या धुवायच्या खोलीत धुण्याच्या पावडरीचा धूर कोंडला. खिडक्या उघडेनात, कारण माश्या येतात म्हणून मालकाने त्यांना खिळे ठोकले होते. बायका खोकत खोकत अंगणात येऊन पडल्या. मालकाने सगळ्यांना एकेक ग्लास सरबत पाजलं आणि अर्धी सुट्टी दिली. केवढा उपकार! बाकीच्या सावरल्या. हिचं आधी नाक गेलं, मग जीभ. सांगितलं असतं तर काय झालं असतं? औषधपाणी? हाकलली असती. लंगडी म्हैस कुणी दारात बांधून ठेवत नाही.

नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. सासू अंथरुणाला खिळलेली. नणंद आपल्या नवऱ्याला सोडून माहेरी आलेली. दोघींच्या हातांवर चूल चालत होती. चिमट्यांची युक्ती नणंदेचीच. ती आधी गुपचूप चाखायची. एक चिमटा म्हणजे साखर कमी, दोन म्हणजे लिंबू कमी, पाठीवर हात म्हणजे ठीक.

"तुला चिमटे काढायची हौस मला तुझ्या लग्नापासून होती, वहिनी," नणंद म्हणायची. "आता पगारी काढते."

मैदानभर खाण्यापिण्याचे स्टॉल लागले होते. "घ्या, नुसतं चाखून बघा!" जो तो ओरडत होता. लोक बोटं चाटत पुढे सरकत होते, पोरं बापाच्या खांद्यावरून हात लांबवत होती. शेजारच्या स्टॉलवाल्याने तिच्या हातावर गरम वडीचा तुकडा ठेवला. "सांगा बाई, तुम्ही जाणकार." तिने चावला. ओला कागद. "वा!" ती म्हणाली.

दुपारी बर्फ संपला. मालकाने नणंदेला मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला पिटाळलं.

"मी येईस्तोवर काही चाखू नकोस," ती जाता जाता वहिनीच्या कानाशी पुटपुटली. "पोटात दुखतंय म्हण."

ती गेली, आणि संध्याकाळी येणार म्हणून सांगितलेला मोठ्या दुकानांचा खरेदीदार तेवढ्यात दत्त म्हणून उभा राहिला.

"ताजं बनव," मालक म्हणाला. "साहेबांच्या डोळ्यांसमोर."

"मालक, माझ्या पोटात जरा..."

"तुझं पोट मग बघू. आधी माझं बघ."

टेबलाखाली दोन डबे होते, एकसारखे. एकात साखर, लवकर विरघळावी म्हणून दळून आणलेली. दुसऱ्यात खाऱ्या सरबतासाठी बारीक मीठ. आजवर तिला डब्यावर चिठ्ठीची गरज पडली नव्हती. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, की झालं. म्हणून चिठ्ठ्या चिकटवायची कारखान्यात कुणाला सवयच नव्हती. आत्ताही सवयीने बोट जिभेवर गेलं. काही नाही. तिने दोन्ही डब्यांतली चिमूट बोटांत चोळली. हवा दमट, दोन्ही सारखंच चिकट. सकाळी मालकाने डावीकडून घेतलं होतं. तिनेही डावीकडून घेतलं. दरम्यान बर्फाची पेटी काढताना डब्यांची अदलाबदल झाली होती, हे तिला कुठून कळणार?

तिने ढवळलं, घोट घेतला, डोळे मिटले. पाठीवर हात आला नाही.

"झकास," ती म्हणाली.

खरेदीदाराने घोट घेतला आणि बुटांवर थुंकला. मालकाने त्याच्या हातातून ग्लास ओढून तोंडाला लावला. त्याचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला.

"परत चाख," तो हळू म्हणाला. "आणि काय चुकलंय ते सांग."

तिने पूर्ण घोट घेतला. समोरच्या तोंडांकडे बघितलं. सगळी तोंडं तिच्या उत्तराची वाट बघत होती, एकही काही सांगत नव्हतं.

"साखर... साखर जास्त झाली."

गर्दी खदखदून हसली. मालक हसला नाही. त्याला सगळं कळलं.

"मला इतके दिवस उल्लू बनवलंस?"

बर्फाची पाटी डोक्यावर घेऊन नणंद तेवढ्यात पोचली. "म्हणे साखर जास्त झाली!" असं म्हणत लोक अजून हसत होते. पदर ठिबकत होता. मालकाने पिंपातून ग्लास काठोकाठ भरला आणि तिच्यापुढे धरला.

"तू पी. यात काय आहे ते खरं सांग. खरं बोललीस तर उद्यापासून हिच्या जागी तू. नाहीतर दोघीही घरी."

नणंदेने पाटी उतरवली. एक घोट घेतला. तिच्या मानेची शीर उठली. तिने वहिनीकडे बघितलं, भोंग्याकडे बघितलं, मालकाकडे बघितलं. मग ग्लास तोंडाला लावला तो तळ दिसेपर्यंत खाली आणला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"साखर जास्त झालीये," ती म्हणाली. "वहिनी बरोबर बोलली."

मालकाने दोघींचे ॲप्रन तिथेच उतरवून घेतले.

मैदानाच्या कडेला नळ होता. नणंद भिंतीला हात टेकून ओकत होती. ओकारी थांबली की चूळ भरायची आणि पुन्हा वाकायची. वहिनी तिची पाठ चोळत होती. थोड्या वेळाने तिने घाबरत घाबरत विचारलं,

"फार खारट होतं का हो, ताई?"

नणंदेने ओंजळीत पाणी घेतलं आणि कितीतरी वेळ तोंडात धरून ठेवलं.