मेहकरच्या तळ्यावरचे तीन डबे

माणसाला कशाचा नाद लागेल याचा नेम नाही. कुणी पत्ते कुटतो, कुणी कबुतरं पाळतो. भालकीच्या संकर्षण सरांना डबे हुडकायचा नाद लागला होता. जगभर असे वेडे आहेत म्हणे. एकानं छोटा डबा कुठंतरी दडवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे, आणि बाकीच्यांनी मोबाइलमधल्या बाणाच्या मागं रानोमाळ हिंडून तो शोधायचा. सापडला की आतल्या कागदावर सही करायची, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी येऊन वेबसाइटवर लिहायचं, ‘सापडला’. बक्षीस नाही, हारतुरे नाहीत, साधा चहासुद्धा नाही. याला जिओकॅशिंग म्हणतात. सरांच्या बायकोनं, सुकन्याबाईंनी, याला दुसरी नावं ठेवली होती, ती इथं सांगण्यात अर्थ नाही.

भालकीत हा रोग आणला वीरेशनं. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, पण जीव सगळा डब्यांत. त्यानं सरांना ओढलं, संतपूरच्या सिद्धलिंगला ओढलं, उदगीरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या प्रणिताला ओढलं. एके काळी दर रविवारी ही चौकडी कुठल्या ना कुठल्या शिवारात दगड उलटे करत असायची. गुराखी विचारायचे, काय हरवलंय? वीरेश गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, ‘अक्कल.’

आता ते दिवस राहिले नव्हते. वीरेश जाऊन दोन वर्षं झाली होती. सिद्धलिंगची पाठ धरलेली, प्रणिता पेपर तपासून बेजार, सरांचे गुडघे जिना पाहिला की कुरकुरणारे. सरांनी स्वतः दडवलेल्या डब्यांपैकी एक जेसीबीनं गिळला, एक पुरात गेला, एक तुरीची काढणी करणाऱ्या बायकांनी मसाला ठेवायला नेला. नवे ठेवायची उमेद नव्हती. ग्रुपवर आता फक्त सकाळची फुलं यायची.

अशात वेबसाइटवरच्या वीरेशच्या शेवटच्या डब्याच्या पानावर हैदराबादच्या कुणा हौशी माणसानं लिहिलं: ‘तीन डबे सापडले. तिन्हींत सही केली. यातला खरा कोणता?’

सरांनी ते वाचलं आणि चोराच्या मनात चांदणं अशी त्यांची गत झाली. कारण त्या तिन्हींतला एक त्यांनीच ठेवला होता.

झालं होतं असं. मेहकरच्या शिवारातल्या पाझर तलावावर वीरेशनं तो डबा ठेवलेला. तो गेल्यावर काही महिन्यांनी सर तिथं गेले, तर डबा जागेवर नव्हता. अशा वेळी नियम साधा आहे: ‘सापडला नाही’ असं लिहायचं. पण अशा नोंदी लागोपाठ आल्या की वेबसाइटचा तपासनीस पान बंद करतो. वीरेशचे बाकीचे डबे असेच एकेक करून बंद झाले होते. नकाशावर त्याच्या नावाचा हा एकच ठिपका उरला होता. सर बांधावर उभे राहून मोबाइलवर ‘सापडला ना’ इथपर्यंत आले आणि पुढची अक्षरं त्यांच्या बोटातून उतरेनात. शेवटी पिशवीतला एक जादा डबा त्यांनी दगडाखाली सारला, त्यातच सही केली आणि घरी येऊन ‘सापडला’ असं ठोकून दिलं. या नादात याच्याइतकं मोठं पाप नाही. जन्मभर कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळलेला गणिताचा मास्तर, आणि साठीला टेकल्यावर हा धंदा.

हैदराबादवाल्याच्या प्रश्नाखाली तपासनीसाचीही नोंद आली होती. या महिनाअखेरपर्यंत खरा डबा कोणता ते कळलं नाही, तर पान कायमचं बंद होईल. सरांना वाटलं, तिन्हींत वीरेशचा एक असणारच. पाण्यानं घसरून खाली गेला असेल, कुणी दुसऱ्या दगडाखाली सारला असेल. तो मिळाला की बाकीचे गुपचूप उचलायचे, खऱ्याचा फोटो टाकायचा, वीरेशचं नाव वाचलं. रविवारी सकाळी स्कूटर काढून ते मेहकरला निघाले.

तूर कापणीला आलेली, ज्वारी निसवलेली. अशा दिवसांत एरवी सरांना गाणं सुचायचं. आज स्कूटरच्या खडखडाटाखेरीज काही सुचत नव्हतं.

तलावाच्या पाण्याकडच्या अंगाला वरपासून खालपर्यंत दगड रचलेले. एकासारखा एक. असल्या जागी डबा ठेवणाऱ्याच्या मनात काय असतं ते देव जाणे. वीरेश म्हणायचा, लोकांना घाम यायला पाहिजे. सरांना आला. तासाभरानं त्यांना पहिला डबा मिळाला. तो त्यांचाच होता; कुठल्या दगडाखाली सारला होता ते त्यांनाही आठवलं नव्हतं. दुसरा मिळाला तो सोयाबीनच्या बियाण्याचं लेबल असलेला. संतपुरात बियाणं विकणाऱ्या सिद्धलिंगशिवाय असा डबा कुणाकडं असणार? सरांच्या कपाळावर आठी आली. तिसरा निळ्या झाकणाचा, आत कागदाला छोटी पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. इतका नीटनेटकेपणा उदगीरच्या बाईंचाच.

सरांनी तिथूनच फोन लावला.

“प्रणिता, मेहकरच्या तळ्यावर निळ्या झाकनाचा डबा तुझा का गं?”

 पलीकडून बारीक आवाज आला. “व्हय सर.”

“कामून ठिवलास?”

“मग काय करू सर? वीरेशअण्णाच्या पानावर ‘सापडला न्हाई’ म्हनून मी लिवू? तुमी लिवलं असतं का?”

“न्हाई लिवलं,” सर म्हणाले. “मी बी डबाच ठिवला. सिद्धलिंगनं बी.”

अति झालं आणि हसू आलं. प्रणिता हसली, सर हसले, तलावावरची टिटवीही ओरडली.  एकमेकांना न सांगता तिघांनी एकच लबाडी केली होती, आणि तिघांनीही ती जीव लावून केली होती. रागवायचं कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

“सर, मग खरा डबा कुठाय?” प्रणितानं विचारलं.

“तेच हुडकायलोय,” म्हणून सरांनी फोन ठेवला.

ऊन डोक्यावर येईपर्यंत त्यांनी दगड उचलले. विंचू निघाले, बेडूक निघाले, बिडीची थोटकं निघाली. वीरेशचा हिरवा डबा निघाला नाही. शेवटी गुडघ्यांनी जाहीर नकार दिला तेव्हा सर बांधावर बसले. त्यांना फार दमायला झालं होतं. हा नाद, हे गुडघे, हे मेलेल्या माणसाचं पान सांभाळणं, सगळ्याचाच कंटाळा आला होता. आणि तरी ते पान बंद होऊ द्यायला मन तयार नव्हतं.

एकच वाट उरली होती. वीरेशच्या जुन्या मोबाइलमध्ये डब्याच्या जागेचा फोटो असेल, आणि मोबाइल त्याच्या बायकोकडं, नेत्रावतीकडं असेल. ही वाट सरांना आधीही सुचली होती. पण वीरेशच्या आजारपणात ती बाई दवाखान्याच्या व्हरांड्यात एकदा त्यांच्यावर कडाडली होती. ‘ह्या डबड्यापायी उनातानात हिंडले, पानी म्हनून पिले न्हाईत, आन किडन्या घालवून बसले!’ त्या दिवसापासून सरांना तिच्यासमोर उभं राहायची भीती वाटायची. वीरेश गेला तेव्हा सर मातीला गेले होते. त्यानंतर त्या घराची पायरी चढले नव्हते. घर त्यांच्या घरापासून तीन गल्ल्यांवर होतं, आणि बाजाराला जाताना ते चौथीतून वळसा घालत.

घराच्या पुढच्या भागातलं दुकान आता नेत्रावतीच चालवत होती. सर भालकीला परतून तिथं पोचले तेव्हा दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. खिळ्यांच्या खोक्यांमागं ती खुर्चीत बसली होती, केस बरेच पांढरे झालेले. सरांना पाहून ती उठली.

“या अण्णा. बसा.” तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. “उनाचं कुठं गेलतात?”

“मेहकरला, वैनी.” सरांनी पाणी पिऊन घेतलं. “जरा काम होतं. वीरेशचा जुना मोबाइल हाय का तुमच्यापाशी? एक फोटो बगायचा होता.”

“बंद पडलाय तो. कामून?”

मग सरांनी सगळं सांगितलं. हैदराबादवाला, तपासनीस, तीन डबे, आपली लबाडी, प्रणिताची, सिद्धलिंगची. पिशवीतून तिन्ही डबे काढून त्यांनी काउंटरवर मांडले. खरा मिळाला तरच वीरेशचं नाव राहील, असंही सांगितलं.  ऐकून झाल्यावर नेत्रावती उठून आत स्वयंपाकघरात गेली. आत भांड्यांचा आवाज झाला. परत आली तेव्हा तिच्या हातात हिरवा डबा होता.

“ह्योच का?”

डब्याला हिंगाचा वास येत होता. सरांनी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला लाल ऑइलपेंटनं लिहिलं होतं: वीरेश, भालकी.

“झाकन घट्ट हाय,” नेत्रावती म्हणाली. “हिंग ठिवायला बरं पडतंय.”

 मग ती सांगू लागली.

“ते गेले त्या साली दसऱ्याच्या आधी, डायलिसिस करून आलते. म्हनले, मेहकरला चल. ऑटो करून गेलो. तेनला वाकायला येत न्हवतं. वर उभारून मला सांगायलते, ह्यो दगड न्हाई, त्यो. त्यो न्हाई, ह्यो. लई शिव्या घातल्या मी. पर काढला.” ती किंचित हसली. “म्हनले, ज्याला जाऊन बगायला जमत न्हाई तेनं डबा ठिवू नये. माझ्यामागं कुनाला रिकामे दगड उचलायला लावायचे न्हाईत. घरी येऊन पान बंद करतो म्हनले. मोबाइल हातात धरूनच झोपी गेले. मग परत दवाखाना, आन मग राहूनच गेलं.”

“म्हंजी तेनंच काढला,” सर पुटपुटले.

“व्हय. आन मला म्हनले, संकर्षणला सांग, तो बंद करील.”

“मग सांगितलं कामून न्हाई, वैनी?”

“कुनाला सांगू?” नेत्रावतीच्या आवाजात राग नव्हता. दमलेलं माणूस बोलतं तशी ती बोलत होती. “तुमी आलाच न्हाईत. मातीला आलात, मागं उभारलात, तिथनं गेलात ते आज आलात. तळ्यावर किती येळा गेलात ह्या दोन वर्सांत?”

सरांनी मान खाली घातली. बरेचदा गेले होते, नुसते बांधावर बसून परत आले होते.

“तिकडं दगड उचलून उचलून तेनला हुडकायलात. मी हितं दुकानात बसलेय. शटर तर रोज उघडंच असतंय.”

“मला वाटलं, तुमी चिडलात आमच्यावर.”

“चिडलेच होते,” ती म्हणाली. “म्हनून काय यायचं न्हाई व्हय?”

 सरांना लाज वाटली, अगदी पोरवयात वाटते तशी, कान तापवणारी. मेलेल्या मित्राचा ठिपका जपायला ते पंधरा कोस हिंडले होते, आणि त्याच्या माणसाला चुकवायला चौथ्या गल्लीनं फिरले होते. वीरेशनं निरोप ठेवला होता तो असा इथं पडून होता, आणि तो घ्यायलाही ते आले नव्हते.

त्यांनी मोबाइल काढला. वीरेशचं पान उघडलं आणि लिहिलं: ‘सापडला नाही.’ बोटं थांबली, पण अडली नाहीत. पुढं लिहिलं: ‘डबा मालकानं स्वतःच काढून नेला आहे. नंतरचे तिन्ही आम्ही मित्रांनी ठेवले होते, ते उचलले. चूक आमची. मालकाची इच्छा होती, पान बंद करावं.’ त्यांनी ते नेत्रावतीला वाचून दाखवलं.

“बरं हाय,” ती म्हणाली. “तेनला असंच पायजे होतं.”

सरांनी बटण दाबलं. मग हिरवा डबा हातात घेऊन ते जरा चाचरत म्हणाले, “वैनी, ह्यो मी ठिवून घेऊ का? आठवन म्हनून.”

“न्हाई,” नेत्रावतीनं डबा त्यांच्या हातातून सरळ काढून घेतला. “मला लागतो.”

ती आत गेली. सर काउंटरशी बसून राहिले. एक माणूस येऊन अर्धा किलो खिळे मागू लागला. आतून आवाज आला, “अण्णा, दोन इंची उजवीकडच्या खोक्यात हायेत, द्या तेनला.” सरांनी उठून खिळे तोलले, जरा जास्तच दिले. माणूस गेल्यावर आतून पुन्हा विचारणा झाली.

“भाकरी टाकायलेय. तुरीच्या हिरव्या दान्याची आमटी हाय. जेवून जाता का?”

सुकन्याबाई घरी जेवणासाठी थांबल्या असणार, हे सरांना ठाऊक होतं. “व्हय वैनी,” ते म्हणाले, आणि डोळे पुसून हात धुवायला आत गेले.