तीन किल्ल्यांची पेटी

मी एक जुनी, ओकच्या लाकडाची पेटी आहे. मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. झाकणाला हात लावलेला मला खपत नाही. तुम्ही भली मुलं असाल, पण खिशात काय घेऊन आलात ते मला कुठे ठाऊक आहे?

हा संशयी स्वभाव माझ्या एकटीचा नाही, माझ्या गावाचा आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्शफोर्ड गावाने आपली कागदपत्रं ठेवायला मला बनवून घेतलं. इंग्लंडच्या राजाला हाकलून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कोणा एकाच्या हाती सगळं सोपवायचं म्हटलं की लोक धास्तावायचे. म्हणून जबेझ हॉल्कम या लोहाराने मला तीन कुलपं ठोकली. एक किल्ली गावचा लेखनिक असाहेल पेक याच्याकडे, दुसरी पाद्रीबाबांकडे आणि तिसरी खुद्द जबेझकडे. गावाने मुद्दाम एकमेकांशी न पटणारी माणसं निवडली होती. तिघं समोर असल्याशिवाय मी उघडत नसे.

१७८८ च्या जानेवारीत प्रार्थनाघरात गावसभा भरली. नव्या देशाची राज्यघटना आमच्या राज्याने मंजूर करायची की नाही, हे गावोगावच्या प्रतिनिधींच्या बॉस्टनमधल्या परिषदेत ठरायचं होतं. पेकने ती कलमाकलमाने वाचली. थंडीने पाय बधिर झाले, पण कोणी उठलं नाही. कायदे करणारे वेगळे, त्यांचीही सभागृहं दोन. कायदे राबवणारा अध्यक्ष वेगळा, न्यायाधीश वेगळे. एकाचं पाऊल वाकडं पडलं की दुसऱ्याने अडवायचं. मला वाटलं, ही तर माझीच बहीण दिसते.

जबेझला मात्र ती पुरेशी वाटेना. वर्षभरापूर्वी तो कर्जाने पिचलेल्या बंडखोर शेतकऱ्यांबरोबर आमच्याच राज्य सरकारच्या तोफांसमोर उभा राहिला होता. "कुलपं झाली," तो म्हणाला. "पण आमच्या घरात शिपाई घुसणार नाहीत, आमची तोंडं बांधणार नाहीत, हे कुठे लिहिलंय?"

दिवसभर वाद झाला. शेवटी पिंपं बनवणाऱ्या एलिफलेट थर्लो या अबोल माणसाला प्रतिनिधी म्हणून निवडलं. त्याला दिलेल्या सूचना पेकने उतरवल्या. एक प्रत थर्लोच्या हाती दिली आणि मूळ कागद माझ्या पोटात गेला.

फेब्रुवारीत थर्लो परतला तो होकार देऊन. घटना एकोणीस मतांच्या फरकाने मंजूर झाली होती. जबेझने मागितलेली हक्कांची कलमं तीत नव्हती. ती पुढे जोडावीत, अशी शिफारस तेवढी केली होती. गाव खवळलं. आम्ही नकार द्यायला सांगितलं होतं, असं निम्मे लोक शपथेवर सांगू लागले. सभेत ज्याला त्याला स्वतःचंच बोलणं आठवतं. थर्लोने आपली प्रत दाखवली, तर वाटेत बदलली असेल म्हणाले. त्याच्या पिंपांना गिऱ्हाईक उरलं नाही. प्रार्थनेला त्याच्या बाकावर त्याच्या बायकोशिवाय कोणी बसेना. मार्चच्या सभेत त्याचं नाव दगाबाज म्हणून गावाच्या दप्तरात लिहायचं घाटत होतं.

मूळ कागद काढला असता तर वाद तिथेच मिटला असता. सभेत पेकने किल्ली लावली, पाद्रीबाबांनी लावली. जबेझ मात्र किल्ली खिशातून काढेना. पेकने आत काय कोंबलंय कोणास ठाऊक, म्हणाला.

"तुझ्याच कुलपावर तुझा भरवसा नाही होय?" मागून कोणी तरी टोमणा मारला. जबेझने खिशावर हात दाबून धरला.

तेव्हा थर्लोचा मेहुणा कुऱ्हाड घेऊन पुढे आला. मित्रांनो, मी घाबरले हे कबूल करते. पण थर्लो मध्ये आला आणि सरळ माझ्या झाकणावर बसला.

"उठा, दाजी. तुमच्याच भल्यासाठी फोडतोय."

"आज माझ्या भल्यासाठी फोडशील. उद्या दुसरा कोणी स्वतःच्या भल्यासाठी फोडेल. ठेव ती खाली."

"मग जन्मभर दगाबाज म्हणून घ्याल का?"

"जबेझ किल्ली लावेपर्यंत घेईन."

  जबेझने खिशातून किल्ली काढली. मग जवळ येऊन म्हणाला, "ऊठ, एलिफलेट. वर बसलास तर झाकण कसं उघडणार?"

पेकने कागद वाचला. हक्कांची कलमं जोडण्याचं आश्वासन मिळालं आणि ते प्रतिनिधीला भरवशाचं वाटलं, तर होकार द्यावा. नाहीतर नकार. खाली लिहिलं होतं, ही सूचना मांडली जबेझ हॉल्कम यांनी.

"मला आठवत होतं," जबेझ म्हणाला. "नुसत्या आश्वासनावर भुललो, याची लाज वाटत होती. ती तुझ्या माथी मारली."

"धाकधूक मलाही आहे," थर्लो म्हणाला. "कलमं येईपर्यंत दोघं मिळून लक्ष ठेवू."

जवळजवळ चार वर्षांनी दहा कलमं आली. जबेझने ती तीनदा वाचून घेतली, तिन्ही वेळा वेगळ्या माणसाकडून.

पुढे कागद लोखंडी तिजोरीत गेले. माझ्यात कोणी घोंगड्या ठेवल्या, कोणी सफरचंदं. फार वाईट वाटलं. आता मी गावच्या संग्रहालयात आहे. लोक येतात, वाहवा करतात. इथली राखणदार बाई मायाळू आहे, दर सोमवारी मला पुसते. हरवू नयेत म्हणून तिने माझ्या तिन्ही किल्ल्या एकाच कड्यात ओवून खिळ्याला टांगल्या आहेत. कोणाच्याही हाताला येतील इतक्या जवळ.

मित्रांनो, मला पॉलिश नको, कौतुकही नको. तेवढं कडं सोडवा, आणि किल्ल्या एकमेकांशी न पटणाऱ्या तिघांकडे द्या.